पाणक्या उडी मारत नाही

आमच्या घरमालकीण मावशींचं एक ठाम मत होतं. जगातल्या सगळ्या मोठमोठ्या लढवय्यांचं एकच चुकतं, ते म्हणजे ते उड्या मारतात. "उडाला म्हनजे जमीन सोरली," त्या म्हणायच्या, "नि जमीन सोरली का तो परला." त्यांच्या बोनकोडे गावच्या आगरी बोलीत 'सोडली'चं 'सोरली' आणि 'पडला'चं 'परला' होतं. मावशींच्या तोंडून ते इतकं ठासून यायचं की पुढे वाद घालायची कुणाची हिंमत होत नसे. मी घालायचे. मी साताऱ्याकडची, आणि गप्प बसणं आमच्या घरात कुणालाच जमलेलं नाही.

हे लढवय्ये राहायचे मावशींच्या घराच्या तळमजल्यावर, एका मशीनमध्ये. माणसाएवढं उंच लाकडी खोकं, त्यात टीव्हीचा पडदा, खाली दोघांना खेळण्यासाठी दोन दांडे आणि प्रत्येक दांड्याच्या उजवीकडे सहा-सहा बटणं. शेतजमीन सरकारजमा झाल्यावर मावशींच्या यजमानांनी त्या गाळ्यात गेम पार्लर काढलं होतं. तेव्हा अशी आठ मशीनं होती. पुढे यजमान गेले, गिऱ्हाइकं मोबाईलवर खेळायला लागली आणि सात मशीनं भंगारात गेली. आठवं उचलायला भंगारवाला आला, तेव्हा मावशी मशीनसमोर भाजीचा क्रेट पालथा घालून त्यावर बसल्या. लुगड्याचा काष्टा आवळला आणि म्हणाल्या, "पयली मना उचल, मंग याला." भंगारवाला मावशींच्या आकाराकडे बघून परत गेला. तो क्रेट मात्र तेव्हापासून तिथेच राहिला.

मला खोली मिळाली तीही या मशीनमुळेच. माझे वडील मार्केटात माथाडी होते. गुडघे गेले तसे ते गावी परतले. मी तुर्भ्याच्या एका कंपनीत नोकरीला होते, मला इथेच राहणं भाग होतं. सेक्टरातल्या पाच सोसायट्यांनी मला नाही म्हटलं. कुणाला फॅमिली हवी होती, कुणाला एकट्या मुलीचं टेन्शन नको होतं. एकाने तर माझ्या तोंडावर विचारलं, "रात्री कोण कोण येतं?" मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशींनी असलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "भांडता येतंय काय?"

"येतं," मी म्हणाले.

"मंग उबी रा."

त्यांनी मला मशीनसमोर उभं केलं आणि पाऊण मिनिटात लोळवलं. मी शेवटपर्यंत बटणं बडवत होते. माझा माणूस आडवा झाल्यावरही बडवत होते. मावशी हसल्या. "हरलीस, पन हात काय काढला नाय," असं म्हणून त्यांनी तिसऱ्या मजल्याची किल्ली माझ्या हातात ठेवली.

मशीनमध्ये बारा जण होते. एकाच्या तळहातातून जाळ निघायचा. एकाने पाय आपटला की खडक फुटायचे. एक बाई फितींना लोंबकळून हवेतच राहायची. आणि सगळ्यांत वरचढ होता तो लांब कोटवाला, जो उडाला की पडद्याच्या बाहेर जायचा आणि मनात येईल तेव्हा खाली उतरायचा. या सगळ्यांवर मावशींची बारीक नजर होती आणि त्यांच्याबद्दल एकेक तक्रारही. "मारायचा तर मार ना. आदी बोंबलून सांगतोस कशाला?" असं त्या जाळवाल्याला ऐकवायच्या. खडकवाल्याचे दंड बघून म्हणायच्या, "यवरा हात घेऊन यो घास कसा घेतो?" आणि फितीवालीला, "बाय, उतर आता. भात करपेल."

त्या स्वतः कायम एकालाच घ्यायच्या. सगळ्यांत दुबळ्याला. टक्कल पडलेला, बुटका, खांद्यावर कावड आणि कावडीला दोन घागरी. मावशी त्याला पाणक्या म्हणायच्या. त्याच्याकडे ना जाळ ना खडक. पाणी सांडू नये म्हणून तो हळू चालायचा. त्याची विशेष चाल एवढीच की तो घागरी खाली ठेवून उभा राहायचा. समोरचा धावत आला की घागर लवंडायची, तो घसरायचा आणि मग पाणक्या त्याला कावडीने झोडायचा. बस्स. त्यालाही उडी मारता येत होती, वीतभर का होईना. पण मावशींनी ती त्याला कधी मारू दिली नाही. दांडा वर ढकलायचाच नाही. तो दांडा मोडला होता तेव्हा त्याच्या टोकाला त्यांनी पोराच्या पाळण्याचा लाकडी गोळा बसवून घेतला होता, आणि तो गोळा डावीकडे, उजवीकडे आणि खाली इतकाच झिजला होता. पाणक्याला घेऊन त्या जिंकायच्या. दहातल्या आठ वेळा तरी.

पुस्तकांची गोष्ट मात्र मला कळायला वर्ष गेलं. ती मशीनं यजमानांनी बंदरावरच्या भंगारातून आणली होती. परदेशात वापरून टाकून दिलेली. या आठव्या मशीनची मागची फळी काढली तेव्हा आत दणके बसू नयेत म्हणून जाडजूड चित्रांची पुस्तकं कोंबलेली निघाली. जपानी, काळी-पांढरी, पानापानावर मारामारी. मावशींना सही आणि आकडे सोडून कुठलंच अक्षर येत नव्हतं, त्यामुळे जपानी की मराठी याने काही अडलं नाही. त्यांनी पुस्तकं मांडीवर घेतली आणि आपण उघडतो तशी, डावीकडून, वाचून काढली.

एका रविवारी जवळा निवडता निवडता त्यांनी मला सगळी कथा सांगितली. एक मानूस हाय. सुरुवातीलाच डोंगराच्या टोकावर उभा. सगळी दुनिया त्याच्या पायाखाली. मग तो खाली उतरायला लागतो. वाटेत जागोजाग माणसं पडलेली असतात, रक्ताच्या थारोळ्यात. हा त्यांच्या छातीवर लाथ ठेवतो की तो पडलेला माणूस हवेतून उलटा येऊन पायांवर उभा राहतो. रक्त तोंडात परत जातं. जखमा मिटतात. फुटलेल्या भिंती जोडल्या जातात. असं शंभर जणांना उठवत उठवत तो लहान होत जातो, आणि शेवटच्या पानावर इवलासा पोरगा होऊन विहिरीवर दोन घागरी भरत उभा राहतो.

"याला म्हनतान ताकद," मावशी म्हणाल्या. "मारून पारनारे मस हायेत. याची लात बसली का परलेला मानूस उठतो. बाकी कोनाला जमला हा?"

मला ते ऐकून कसंतरीच झालं. म्हणजे चांगलं. पण मी आहे खोडकर. एक पुस्तक कंपनीत नेलं. तिथे असली पुस्तकं वाचणारी एक मुलगी होती, ती पोट धरून हसली. म्हणाली, अगं, ही उजवीकडून वाचतात. पोरगा विहिरीवर पाणी भरतो, मग कसरत करतो, मग शंभर जणांना आडवं करून डोंगरावर चढतो. झालं. मी संध्याकाळी उड्या मारत घरी आले आणि मावशींना हे ज्ञान दिलं.

त्यांनी माझ्या हातून पुस्तक घेतलं, उजवीकडून उघडलं आणि ओट्यावर बसून बराच वेळ पानं उलटली. मग ते मिटून बाजूला ठेवलं.

"असा वाचला तर यो नुसता मारतोच," त्या म्हणाल्या. "यात काय हाय? मारायला काय अक्कल लागते?"

"पण मावशी, बरोबर तेच आहे."

"आमची जमीन गेली ना, तवा कागद बरोबरच व्हता गो," त्या म्हणाल्या. "शिक्का बरोबर, सही बरोबर. बरोबर काय असता ते मना नको शिकवू. तुमी वाचा तिकरून. मी इकरून वाचते."

मी पुस्तक उलटं फिरवून त्यांच्या मांडीवर परत ठेवलं.

त्या नुसतं वाचून थांबत नसत. माझं एक लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं. मुलगी एकटी राहते, हे कारण मुलाकडच्यांनी कळवलं. त्या मुलाचं मला फार काही नव्हतं, पण त्या कारणाने मी आतून पेटले आणि मग विझले. दोन दिवस जेवले नाही, कामावर गेले नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मावशी तिसऱ्या मजल्यावर कधी येत नसत. त्या आल्या, दारातून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तळपायावर आपल्या पायाने फाडकन मारलं.

"ऊठ. भाकरी खा."

"मावशी, मला नको..."

पुन्हा लाथ. या वेळी जरा जोरात. मी चिडून ताडकन उठले. उठले, म्हणजे पायांवर उभी राहिले. त्या माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "बग. उठलीस का नाय?" आणि तांदळाची भाकरी आणि सुकटाचं ताट ठेवून जिना उतरून गेल्या.

मावशींना एकच मुलगा. पोरगा सज्जन. तो खांदेश्वरला अकराव्या मजल्यावर बायकोसोबत राहायचा आणि दर रविवारी मासळी घेऊन आईकडे यायचा. जेवण झालं की मायलेक गाळ्यात जायचे आणि दोन डाव खेळायचे. पार्लरमध्येच वाढलेला, त्यामुळे त्याचा हात मशीनवर असा चालायचा की बघत राहावं. तो लांब कोटवाल्याला घ्यायचा. कधी तो जिंके, कधी आई. गेली चार वर्षं तो प्रत्येक रविवारी निघताना म्हणत होता, "आये, चल ना माझ्याकडे. लिफ्ट आहे, खाली गार्डन आहे." आणि त्या प्रत्येक रविवारी म्हणत होत्या, "अकराव्या माल्यावर जमीन हाय काय?"

मग मावशी पडल्या. गाळ्यात फरशी पुसली होती, त्यावरून पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. मी कामावर होते. शेजारच्यांना कळेपर्यंत त्या पाऊण तास मशीनला टेकून बसून होत्या. प्लास्टर घालून झालं, आणि पुढच्या रविवारी मुलगा आला तो मासळीऐवजी रिकामी बॅग घेऊन. या वेळी तो विचारत नव्हता. गाळ्याला भाडेकरूही बघून ठेवला होता, एक इस्टेट एजंट. मशीन नेणारा दुसऱ्या दिवशी येणार होता.

खरं सांगते, मी आधी विचार केला तो स्वतःचाच. मावशी गेल्या म्हणजे माझी खोलीही गेली, आणि पुन्हा त्या पाच सोसायट्यांची दारं. पण मावशींचा चेहरा बघितला आणि माझी मलाच लाज वाटली. जमीन गेल्यावर त्यांच्याकडे बोनकोड्यातलं एवढंच उरलं होतं. हे घर, हा ओटा, तो क्रेट.

"मी येते," मावशी म्हणाल्या. मुलगा चकित झाला. "पन मना हरव पयला. तीन डाव. हरले तर आताच बॅग उचलते. नाय हरले तर परत बॅग आनायची नाय."

"आये, एका हाताने?"

मावशींनी प्लास्टरचा हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "उजवा हात ही हाय ना."

तो हसला. मग हसू ओसरलं. तो थकलेला होता, हे मला तेव्हा दिसलं. "चालेल," तो म्हणाला. "पण हरलीस तर मग बोलायचं नाय हां आये."

तो वर जेवायला बसला, तेवढ्या वेळात गाळ्यात माझी शिकवणी झाली. दांडा मावशींच्या डाव्या हातात, बटणं माझ्याकडे. बटणांना नावं नव्हती, ती मावशींनी दिली, आणि बहुतेक भातशेतीची. खालून बारीक मारायचं ते 'लाव'. ओढून पाडायचं ते 'उपट'. कावड हाणायची ती 'झोर'. घागरी टेकवायच्या तर 'ठेव'. जन्मात भात न लावलेली मी, शेतातल्यासारखी कंबरेत वाकून उभी राहिले.

पहिला डाव आम्ही सपशेल हरलो. मावशी म्हणत 'झोर' आणि मी झोडायच्या आत कोटवाला हवेत. डाव संपल्यावर त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "ऐकून मारू नको. मी बोलायच्या आदी मार."

हे कसं करायचं ते मला आजही सांगता येणार नाही, पण दुसऱ्या डावात ते झालं. त्यांचा डावा हात बघितला की माझा उजवा हलायचा. मुलगा घाईने अंगावर आला, घागर लवंडली, कोटवाला घसरला, आणि मी इतकं झोडलं की मशीन हललं. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मशीनला नका मारू." मी म्हटलं, "तुमचं लक्ष पडद्यावर असू द्या."

तिसऱ्या डावात दोघांच्याही जिवाची पट्टी नखाएवढी उरली. कोटवाला उडून लांबच्या टोकाला उतरला. मुलाचे हात थांबले. क्षणभरच. मला कळलं तो का थांबला. कोटवाल्याची एक चाल होती. तो जमिनीवर मूठ आपटायचा आणि जमिनीतून एक लाट सरसरत यायची. ती अडवता येत नाही. तिच्यावरून उडी मारावी लागते, दुसरा उपाय नाही. लहानपणापासून आईबरोबर खेळत असूनही ही चाल मुलाने तिच्यावर कधीच वापरली नव्हती. आई उडी मारत नाही, हे त्याला माहीत होतं, आणि आईला असं हरवायचं नाही एवढी माया त्याच्या बोटांत होती.

त्या दिवशी त्याने मूठ आपटली.

लाट निघाली. घागरी ठेवून उपयोग नाही, मागे सरकून उपयोग नाही. मी तोंडाने "मावशी" म्हटलं असावं. आणि मावशींच्या डाव्या हाताने तो पाळण्याचा गोळा वर ढकलला.

पाणक्या उडाला. वीतभरच, कावड आणि दोन्ही घागरींसकट, अगदी बेंगरूळ. लाट त्याच्या पायाखालून गेली. घागरीतलं एक थेंब पाणी सांडलं नाही. तो खाली येत होता आणि मावशी 'झोर' म्हणायच्या आधी माझा हात बटणावर बसलेला होता. कोटवाला आडवा झाला.

मशीनची शिट्टी तेवढी वाजत राहिली.

"आये," मुलगा म्हणाला. "तू उडी मारलीस."

"मारली."

"तुला तर येत नव्हती."

"येत नाय असा कोन बोल्ला?" मावशी कडाडल्या. "मना नको व्हती. न येनं नि नको असनं एक हाय काय? आनि बग, उतरला कुठं यो? तितंच ना?"

मुलगा क्रेटवर बसला. मान खाली घालून बसला, आणि मग एवढा मोठा माणूस रडायला लागला. "मला भीती वाटते गं आये. तू पुन्हा पडशील, आणि मी तिकडे अकराव्या मजल्यावर असेन. पाऊण तास बसून होतीस तू इथे. पाऊण तास." मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण दार त्याच्या पलीकडे होतं. त्याला जिंकायचं नव्हतंच. त्याला फक्त आई हाताशी हवी होती, आणि मी इतका वेळ त्याला कोटवाला समजून झोडत होते.

मावशींनी त्याला जवळ घेतलं नाही. डोक्यावरून हातही फिरवला नाही. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्याच्या पायावर आपल्या पायाने फाडकन लाथ मारली.

"ऊठ, बाला."

तो उठला. डोळे पुसत का होईना, दोन्ही पायांवर उभा राहिला.

"परले तर हितंच परेन," मावशी म्हणाल्या. "तू उठवाया ये."

बॅग तो रिकामीच घेऊन गेला. पुढच्या रविवारी मासळी आणली आणि सोबत एक गवंडी. गाळ्याला खरखरीत फरशी बसली आणि मशीनपासून दारापर्यंत भिंतीला लोखंडी दांडी. मशीन न्यायला आलेल्या माणसाला त्याने स्वतः परत पाठवलं. मावशींनी दांडीला हात लावून बघितला, नाक मुरडलं, आणि तो गेल्यावर तिच्यावर ओली लुगडी वाळत घातली.

त्याला बरीच वर्षं झाली; मी आता खारघरला सातव्या मजल्यावर राहते. खोली सोडताना मावशींनी मला त्या जपानी पुस्तकांतलं एक दिलं. सगळं कसं उजवीकडून वाचायचं असतं हे सांगणारी माणसं मला अधूनमधून भेटतात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, आमच्या नात्यात. मी त्यांचं ऐकून घेते. घरी येऊन पुस्तक डावीकडून उघडते आणि पडलेल्या त्या शंभर जणांना एकेक करून उठवत विहिरीपर्यंत जाते.